भास्कराचार्य : आधी नावं, मग गणित



भास्कराचार्य म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी लगेच आठवतात. एक म्हणजे लीलावती आणि दुसरी म्हणजे पृथ्वी वस्तूंना स्वतःकडे ओढते हा त्यांचा विचार. गणित दिनाच्या भाषणात मुलं हेच दोन मुद्दे पाठ करून सांगतात. त्यात चूक काहीच नाही. पण प्राथमिकच्या शिक्षकाला रोज उपयोगी पडेल अशी त्यांची एक तिसरी गोष्ट मागेच राहते. हा माणूस बेरीज शिकवायच्या आधी नावं ठरवून घ्यायचा. संख्या कोणत्या जातीची आहे, तिला काय म्हणायचं, किती नावांनी ती ओळखली जाते, हे पक्कं झालं की मगच गणित सुरू. आज त्यांचं चरित्र याच बाजूने पाहूया.

एक नाव, दोन माणसं

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून घेऊ. भास्कर नावाचे दोन मोठे गणिती भारतात होऊन गेले. पहिले सातव्या शतकातले. त्यांनी इ.स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. आपले लीलावतीवाले भास्कराचार्य त्यांच्यानंतर जवळपास पाचशे वर्षांनी जन्मले. म्हणून अभ्यासक त्यांना भास्कर पहिले आणि भास्कर दुसरे म्हणतात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातसुद्धा कधीकधी एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर टाकलेलं दिसतं. वर्गात दोन सारख्या नावाची मुलं असली की आपण वडिलांचं नाव जोडतो, तसंच हे.

जन्मसाल शब्दांत

भास्कराचार्यांनी आपलं जन्मसाल स्वतःच सांगून ठेवलं आहे, हे आपलं भाग्य. पण ते आकड्यांत नाही, शब्दांत आहे. त्यासाठी त्यांनी चार शब्द वापरले : रस, गुण, पूर्ण आणि मही. रस सहा असतात, म्हणून रस म्हणजे ६. सत्त्व, रज, तम असे गुण तीन, म्हणून गुण म्हणजे ३. पूर्ण म्हणजे शून्य. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच, म्हणून १. आता हे आकडे एककाकडून डावीकडे मांडत जायचे : एककाला ६, दशकाला ३, शतकाला ०, हजाराला १. झालं शके १०३६. त्यात ७८ मिळवले की इ.स. १११४.

या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात. तिच्यात एका संख्येला एकच नाव नसतं, भरपूर पर्यायी नावं असतात. १ साठी चंद्र, भू, मही. २ साठी नेत्र, कर, पक्ष. ४ साठी वेद, युग, समुद्र. ५ साठी बाण, इंद्रिय. ७ साठी पर्वत, अश्व, मुनी. शून्यासाठी ख, आकाश, अंबर. नेत्र म्हणा की पक्ष म्हणा, किंमत दोनच.

एवढी नावं कशाला, असा प्रश्न मुलं विचारतील आणि तो विचारायलाच हवा. याला दोन कारणं आहेत. पहिलं, तेव्हाचे ग्रंथ पद्यात असत. वृत्तात जिथे दोन अक्षरांचा शब्द बसतो तिथे तीन अक्षरांचा बसत नाही. त्यामुळे एकाच किमतीचे लहानमोठे शब्द हाताशी लागत. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. ग्रंथ हाताने नकलून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा, एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जायचा. नकलणाऱ्याने ३ चा २ केला तर कोणाला कळणार? पण गुण या शब्दाचा नेत्र असा शब्द चुकून होत नाही. झालाच तर वृत्त मोडतं आणि वाचणाऱ्याला लगेच खटकतं. म्हणजे संख्या शब्दांत बांधून पाठवायची आणि पलीकडच्याने ती जशीच्या तशी सोडवून घ्यायची. अट एकच : कोणता शब्द म्हणजे किती, आणि आकडे कोणत्या बाजूने मांडायचे, हे दोघांनाही आधीपासून माहीत पाहिजे.

घर आणि गुरू

त्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. घराणं विद्वानांचं. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ दिली आहे. ती त्रिविक्रमापासून सुरू होते आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्यापर्यंत नऊ पिढ्या सांगते. गंमत म्हणजे त्या नऊ नावांतही आणखी एक भास्कर आहे, भास्करभट्ट, आपल्या भास्कराचार्यांच्या बराच वरचा पूर्वज.

आपलं गाव सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडविड, असं भास्कराचार्यांनी लिहिलं आहे. ते गाव आजचं कोणतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी पाटणचा परिसर सांगतात, कोणी विजापूर, कोणी बीड. गावाचं नाव बदललं की ठिकाणच हरवतं, त्याचं हे उदाहरण. साल मात्र शब्दांत बांधलेलं होतं म्हणून नऊशे वर्षांनी सुद्धा अचूक हाती आलं.

लीलावतीचं पहिलं पान

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० मध्ये त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या मुहूर्ताच्या वेळी घटिकापात्रात मोती पडला आणि मुहूर्त टळला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्यात ती येते. म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मुलांना सांगताना ती दंतकथा म्हणूनच सांगावी.

ग्रंथ उघडला की मंगलाचरणानंतर बेरीज-वजाबाकी येत नाही. आधी येतात परिभाषा, म्हणजे मापांची नावं आणि त्यांची आपसातली नाती.

नाणी : २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क.
लांबी : २४ अंगुळांचा १ हात, ४ हातांचा १ दंड, २००० दंडांचा १ क्रोश, ४ क्रोशांचं १ योजन.
धान्य : ४ कुडवांचा १ प्रस्थ, ४ प्रस्थांचा १ आढक, ४ आढकांचा १ द्रोण, १६ द्रोणांची १ खारी.

कुडव हा शब्द वाचला की आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसाला कुडो आठवल्याशिवाय राहत नाही. धान मोजताना पायली, कुडो, खंडी हे शब्द आपल्याकडची जुनी माणसं अजून बोलतात. पण खंडी हा शब्द ऐकून लगेच वजन ठरवता येत नाही. महाराष्ट्रात वेगवेगळ्या भागांत खंडीचं माप वेगवेगळं राहिलं आहे. नाव तेच, आकार वेगळा. म्हणून भास्कराचार्य खारीचं नुसतं नाव देऊन थांबत नाहीत. एक हात लांब, एक हात रुंद आणि एक हात उंच अशा जागेत मावेल ते धान्य म्हणजे खारी, असं तिचं मोजमापही सांगतात.

त्यानंतर येतात स्थानांची नावं : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी असं करत परार्धापर्यंत एकूण १८. यातला अयुत आपण आता दहा हजार म्हणतो आणि प्रयुत दशलक्ष म्हणतो. नाव बदललं, स्थान तेच.

संख्येच्या जाती

बीजगणितात ते याच्या पुढची पायरी घेतात. तिथे मापांची नाही, संख्यांचीच जात ठरवतात. धन आणि ऋण. धनाला स्व असंही नाव, ऋणाला क्षय असंही नाव. ऋण संख्या ओळखता यावी म्हणून आकड्याच्या डोक्यावर टिंब द्यायचं. मग शून्य, त्याचे नियम वेगळे. मग अव्यक्त, म्हणजे किंमत माहीत नसलेली राशी. तिला यावत्तावत् म्हणायचं. अशा राशी एकाहून जास्त असल्या तर पुढच्या राशींना रंगांची नावं : काळक, नीळक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिलं अक्षर : या, का, नी, पी, लो. किंमत माहीत असलेल्या साध्या संख्येच्या आधी रू, म्हणजे रूप. आणि ज्या संख्येचं वर्गमूळ घ्यायचं आहे तिच्या आधी क, म्हणजे करणी.

आता ही तीन लेखनं बघा : रू ९, या ९, क ९. आकडा तिन्हीकडे ९ आहे. पण पहिलं म्हणजे नुसते नऊ. दुसरं म्हणजे अज्ञात राशीची नऊ पट. तिसरं म्हणजे नवाचं वर्गमूळ, तीन. आकड्याआधीचं एक अक्षर ठरवतं की त्या आकड्याशी कसं वागायचं. करणी २ आणि करणी ८ यांची बेरीज करणी १० येत नाही, करणी १८ येते. जात न बघता नुसते आकडे मिळवले तर उत्तर चुकलंच.

शून्याने भागण्याचा प्रश्न आला तेव्हाही त्यांनी आधी नाव दिलं. ज्याच्या छेदात शून्य आहे अशा राशीला खहर म्हटलं, आणि तिच्यात काही मिळवलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही असं सांगितलं. आजच्या शाळेतल्या गणितात शून्याने भागाकार करता येत नाही असंच आपण शिकवतो, आणि तेच बरोबर आहे. पण संगणकातल्या दशांश संख्यांचा १९८५ पासूनचा मानक नियम बघितला तर तिथेही अनंत अशी एक खास किंमत ठेवलेली आहे, आणि तिच्यात साधी संख्या मिळवली तरी ती अनंतच राहते.

लीलावतीतलं एक उदाहरण मला फार आवडतं. त्रिकोणाचा पाया ९, बाजू १० आणि १७. वरच्या टोकातून लंब टाकला तर पायाचे दोन भाग किती? रीतीप्रमाणे एक भाग येतो १५ आणि दुसरा येतो ऋण ६. लांबी ऋण कशी असेल? भास्कराचार्य उत्तर खोडत नाहीत. इथे ऋण म्हणजे उलट दिशा, लंब पायाच्या बाहेर पडतो, असं ते समजावतात. वहीवर काढून बघा, लंब ८ येतो आणि दोन्ही बाजूंना पायथागोरस बरोबर बसतो.

तीच गोष्ट आपल्या संगणकात

आता नऊशे वर्षं ओलांडून आपल्या शाळेतल्या संगणकाकडे येऊ. एका संगणकावरून दुसऱ्याकडे माहिती पाठवताना ती बांधावी लागते आणि पलीकडे सोडवावी लागते, भूतसंख्येसारखीच. त्यासाठी आधी एक आराखडा लिहितात. त्यात प्रत्येक रकान्यात कोणत्या जातीची एकेरी किंमत येणार ते सांगितलेलं असतं : पूर्णांक, दशांश की खरं-खोटं.

या जातींनाही पर्यायी नावं आहेत. गूगलच्या फ्लॅटबफर्स या पद्धतीत बाइट आणि इंट८ ही एकाच जातीची दोन नावं. शॉर्ट म्हणजेच इंट१६, इंट म्हणजेच इंट३२, लाँग म्हणजेच इंट६४. दशांशासाठी फ्लोट म्हणजे फ्लोट३२ आणि डबल म्हणजे फ्लोट६४. पहिली नावं बोलायला सोपी आणि जुनी. दुसऱ्या नावांत आकार दिसतो, म्हणजे त्या संख्येसाठी ० आणि १ च्या किती खोल्या ठेवल्या ते. आकार सांगणारी नावं का लागली? कारण नुसतं इंट म्हटलं तर जुन्या काही संगणकांत त्याचा अर्थ १६ खोल्या होता आणि पुढे बऱ्याच ठिकाणी ३२ झाला. म्हणजे आपल्या खंडीसारखंच.

आकडे कोणत्या बाजूने मांडायचे हा प्रश्नही तिथे आहेच. आपल्या बहुतेक संगणकांत संख्येचा लहान किमतीचा भाग आधी ठेवतात, रस-गुण-पूर्ण-मही सारखा.

हे सगळं इंजिनिअर लोकांचं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण इंट३२ मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. आपला दहा अंकी मोबाइल नंबर त्यात बसत नाही, कारण तो ६ किंवा त्याहून मोठ्या अंकाने सुरू होतो. आणि मुळात मोबाइल नंबर ही संख्याच नव्हे. आपण त्याची बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. तो आकड्यांत लिहिलेलं नाव आहे.

विद्यार्थ्याचा १९ अंकी सरल आयडी घ्या. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपून ठेवतं. आयडी साध्या रकान्यात टाकला की शेवटचे चार अंक शून्य होऊन बसतात, आणि नंतर रकान्याची जात बदलली तरी ते परत येत नाहीत. ज्या मुलाचं कुटुंब कामासाठी स्थलांतर करतं, त्याला दुसऱ्या शाळेत जाताना हाच आयडी सोबत जातो. चार अंक चुकले तर त्या पोराची आधीच्या इयत्तांची नोंद सापडत नाही. उपाय एका मिनिटाचा आहे : माहिती भरायच्या आधी तो रकाना टेक्स्ट, म्हणजे मजकूर, करून ठेवायचा. रू की क, हे आधी ठरवायचं. भास्कराचार्यांच्या वर्गात हा पहिला धडा होता.

वर्गातल्या संख्यांची नावं

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. एकवीस की वीस एक? दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. भास्कराचार्यांचं चरित्र वाचताना मला वाटतं की दोन नावं असणं ही अडचण नाही. दोन्ही नावांची किंमत एकच आहे हे मुलाला कळलं नाही तर ती अडचण आहे.

आपल्या जिल्ह्यात हे रोज दिसतं. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव भागातली काही मुलं घरी गोंडी बोलतात, कुठे पोवारी, कुठे छत्तीसगढी, आणि टीव्ही-मोबाइलवर हिंदी. हिंदीत ८९ ला नवासी म्हणतात. त्या मुलाला आपण एकोणनव्वद लिही म्हटलं की तो नव्वद ऐकतो आणि ९० किंवा ९९ लिहून मोकळा होतो. त्याला ८९ येत नाही असं नसतं. आपलं नाव त्याच्या नावाशी जोडलेलं नसतं. तेव्हा लाल रेघ मारण्याआधी, घरी याला काय म्हणतात रे बाळा, एवढं विचारावं. तक्त्यावर ८९ च्या पुढे एकोणनव्वद, ऐंशी नऊ, नवासी आणि मुलाच्या घरच्या बोलीतलं नाव असं एका ओळीत लिहावं. पालकांनी घरी हिशेब करताना दोन्ही नावं मोठ्याने घेतली तरी खूप फरक पडतो.

शेवटची वर्षं आणि पाटणचा मठ

सिद्धांतशिरोमणीनंतरही भास्कराचार्यांचं काम चालूच होतं. इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी करणकुतूहल हा ग्रहगणिताचा सोपा ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेलं. नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. इ.स. १२०७ च्या सुमाराचा तो शिलालेख पाटणादेवीच्या परिसरात सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला.

त्या लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी भाषा बदलते आणि जुनी मराठी येते. तिथे मठाच्या खर्चासाठी बाजारातल्या मालावर काय द्यायचं, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल कसं द्यायचं, याची नोंद आहे. वंशाचं कौतुक विद्वानांच्या भाषेत चाललं. पण तेल्याने आणि व्यापाऱ्याने काय मोजून द्यायचं हे त्यांना समजणाऱ्या नावांतच कोरावं लागलं.

पुढच्या आठवड्यात तिसरी-चौथीच्या वर्गात एक उपक्रम करून बघा. प्रत्येक मुलाने आपलं जन्मसाल भूतसंख्येत लिहायचं, आकड्यांसाठी स्वतःच्या गावातल्या वस्तू निवडायच्या : बैलाचे पाय ४, हाताची बोटं ५, सूर्य १. मग वही शेजारच्याला द्यायची आणि त्याने साल ओळखायचं. जिथे ओळखता येणार नाही तिथे मुलं स्वतःच भांडतील की कोणता शब्द म्हणजे किती हे आधी ठरलंच नव्हतं. त्या भांडणात मध्ये पडू नका. त्यांना ठरवू द्या.